शून्य अंश म्हणजे ‘माहीत नाही’ नव्हे : चिपचं तापमान आणि कर्नलमधली दुरुस्ती

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. उपशीर्षकं शब्दांकन करताना घातली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हा गृहस्थ चुकून दुसऱ्याच वर्गात शिरला. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातही ज्ञानमीमांसा, म्हणजे आपल्याला जे कळतं ते खरं आहे हे कशावरून, हा प्रश्न. मी अभियंता नाही. पण लिनक्स ही अशी ऑपरेटिंग सिस्टिम आहे की तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याचा सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो. कोणती ओळ का बदलली, याची कारणंसुद्धा तिथे लिहून ठेवलेली असतात. निवृत्तीनंतर मी ती वाचायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की जो प्रश्न आपण वर्गात फळ्यावर सोडवत होतो, तोच ही मंडळी रोज प्रत्यक्षात सोडवतायत. ज्ञानाचं साधनच सदोष असेल तर काय करायचं? आज एकच उदाहरण घेऊ. ते आहे चिपच्या तापमानाचं.

सुरुवात एका आकड्यानं करतो. एएमडी कंपनीची थ्रेडरिपर १९५०एक्स ही प्रोसेसर चिप ऑगस्ट २०१७ मध्ये बाजारात आली. त्यानंतर लिनक्सच्या एका वापरकर्त्यानं कळवलं की त्याच्या संगणकावर चिपचं तापमान दिसतंय ४२,९४,९४८.३ अंश सेल्सिअस. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेपाच हजार अंश असतं. म्हणजे टेबलाखालच्या त्या डब्यात सूर्यापेक्षा कितीतरी पट उष्ण असं काहीतरी होतं आणि माणूस शांतपणे बसून निरोप लिहीत होता!

हा आकडा चूक आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तो चूक कसा झाला, तो दुरुस्त करताना काय केलं, आणि ती दुरुस्ती पुढे का दुरुस्त करावी लागली, हे आज बघायचंय.

आकडा येतो कुठून

चिपच्या आत पाऱ्याचा थर्मामीटर नसतो. तिथे एक डायोड असतो. ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमध्ये काही व्होल्टेज दिसतं, आणि तापमान एक अंशानं वाढलं की ते साधारण दोन मिलिव्होल्टनं कमी होतं. हे व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणारं एक सर्किट असतं. तो आकडा रजिस्टर नावाच्या एका छोट्या कप्प्यात जाऊन बसतो. कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे त्या विशिष्ट चिपशी बोलायचं काम करणारा भाग, तो कप्पा उघडतो, आकड्याचं अंशांमध्ये रूपांतर करतो आणि एका फाइलमध्ये दाखवतो. लिनक्समध्ये तिथे अंशाच्या हजाराव्या भागात लिहायची पद्धत आहे. ४५ अंश असतील तर ४५००० दिसतं.

आता ही साखळी बघा. डायोड, मोजणारं सर्किट, कारखान्यात त्याला लावलेलं माप, रजिस्टर, ड्रायव्हर, फाइल, आणि शेवटी पडद्यावरचा आकडा. आपण म्हणतो, ‘चिपचं तापमान ४५ अंश आहे.’ वास्तविक आपल्याला एवढंच माहीत असतं की साखळीच्या शेवटच्या कडीवर ४५ लिहिलंय. मधली प्रत्येक कडी एकेक विधान करत असते, आणि त्यातलं कुठलंही खोटं असू शकतं.

हासोक चांग यांचं ‘इन्व्हेंटिंग टेंपरेचर’ नावाचं पुस्तक २००४ मध्ये आलं. त्यातला मूळ प्रश्न असा, की पहिला थर्मामीटर बरोबर आहे हे तपासलं कशानं? दुसरा थर्मामीटर तर नव्हता. कर्नलची अवस्था अगदी तीच असते. त्याला एक आकडा मिळतो. तो बरोबर आहे का हे बघायला कर्नल काही चिपला हात लावून बघू शकत नाही.

आणि या आकड्यावर गोष्टी अवलंबून असतात. पंखा किती जोरात फिरवायचा, चिपचा वेग कधी कमी करायचा, हे यावरून ठरू शकतं. कर्नलमध्ये तापमानाच्या मर्यादा नोंदवलेल्या असतात. त्यातली शेवटची, ‘क्रिटिकल’ म्हणतात ती, ओलांडली गेली असं वाटलं की कर्नल यंत्र बंद करायला घेतो. रात्रभर चाललेलं गणित, न साठवलेला मजकूर, सगळं तिथेच थांबतं. आकडा खोटा असला तरी थांबतं. उलट बाजूला, चिप खरोखर तापलेली असताना आकडा कमी दिसला तर पंखा सुस्त राहतो. अगदी टोकाला गेल्यावर चिप स्वतःहून वीज तोडते. ती व्यवस्था चिपच्या आतच असते, कर्नलला विचारत नाही. पण तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

शून्य कुठे ठेवलंय?

दुरुस्तीकडे वळण्याआधी एक मुद्दा. आकडा वाचायचा तर त्याची पट्टी माहीत हवी, आणि चिप बनवणारे आपली पट्टी आपल्या सोयीनं आखतात.

इंटेलच्या चिपमधला डिजिटल सेन्सर तापमान सांगतच नाही. तो सांगतो, ‘कमाल मर्यादेपासून मी किती खाली आहे.’ त्या मर्यादेला टीजेमॅक्स म्हणतात. रजिस्टरमध्ये ४० असेल आणि मर्यादा १०० असेल तर तापमान ६०. रजिस्टरमधला आकडा वाढला म्हणजे चिप थंड झाली. ऐकायला उलटं वाटतं, पण १७४२ मध्ये अँडर्स सेल्सिअसनं आपली पट्टी मांडली तेव्हा तीही उलटीच होती. पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. ती सुलटी झाली त्याच्या मृत्यूनंतर. तेव्हा उलटी पट्टी ही काही चूक नव्हे. फक्त ती उलटी आहे आणि तिचा शून्यबिंदू कुठे आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

अडचण तिथेच होती. इंटेलच्या २००८ च्या नेहालेम पिढीपासून चिप स्वतःची मर्यादा एका रजिस्टरमधून सांगते. त्याआधीच्या बऱ्याच चिप ती सांगत नव्हत्या. मग कोरटेम्प नावाच्या ड्रायव्हरला अंदाज करावा लागायचा. चिपचं मॉडेल बघायचं, ती लॅपटॉपची आहे का बघायचं, आणि ८५ किंवा १०० धरायचं. धरलेली मर्यादा १५ अंशांनी चुकली तर प्रत्येक वाचन १५ अंशांनी चुकणार. सेन्सर निर्दोष, गणित निर्दोष, फक्त गृहीतक चूक. यातली चांगली गोष्ट अशी, की ड्रायव्हर नुसता आकडा गृहीत धरून गप्प बसत नसे. ‘मर्यादा १०० धरलेली आहे’ अशी सूचना तो नोंदवहीत लिहायचा. हे लक्षात ठेवा, आपण या गोष्टीकडे परत येणार आहोत.

दुसरा प्रकार आणखी गमतीचा आहे. एएमडीच्या चिप जो आकडा देतात त्याला टीसीटीएल म्हणतात. सी-टी-एल म्हणजे नियंत्रण. के१०टेम्प या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय की हे भौतिक तापमान नाही, थंडाव्याची व्यवस्था चालवण्यासाठी एका मनमानी पट्टीवर मांडलेलं मूल्य आहे. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. २०१७ मध्ये रायझेन चिप आल्या तेव्हा १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलांमध्ये खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा दिला जात होता. चिप ३८ अंशांवर असेल तर ती सांगणार ५८. कंपनीनं कारणही दिलं होतं. एकाच प्रकारच्या मदरबोर्डवर बसणाऱ्या सगळ्या मॉडेलांची कमाल पातळी एकसारखी दिसावी, म्हणजे पंख्यांचं धोरण सगळ्यांना एकच लावता येईल. पुढे २७००एक्सला १० अंश आणि पहिल्या थ्रेडरिपरांना २७ अंश, असे वाढीव आकडे होते.

याला खोटं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पंख्याला दिलेला तो एक आदेश आहे, आणि आदेश म्हणून तो ठीक आहे. घोटाळा होतो तो आपण आदेशाला वर्णन समजून वाचतो तेव्हा. आपल्या मीमांसकांनी विधिवाक्य आणि अर्थवाद यांत किती काळजीपूर्वक भेद केला! आज्ञा देणारं वाक्य वस्तुस्थिती सांगतं असं समजून वाचलं की अर्थाचा अनर्थ होतो. पण पडद्यावर दोन्ही ‘अंश सेल्सिअस’ म्हणूनच उमटतात.

वजाबाकी आणि मीटरचं उलटं फिरणं

वापरकर्त्यांना खरं तापमान हवं होतं. मग के१०टेम्पमध्ये एक तक्ता घातला गेला. चिपचं नाव वाचायचं, ते तक्त्यात सापडलं तर तिथे दिलेले २०, १० किंवा २७ अंश वजा करायचे. ही दुरुस्ती मला आदर्श वाटते. दोष कुठे आहे ते माहीत, किती आहे ते माहीत, का आहे तेही माहीत. ज्याची नावानिशी खात्री आहे तेवढ्याच चिपना ती लागू.

मग ते बेचाळीस लाख आले कुठून?

त्या संगणकावर बहुधा बायोसमध्ये सेन्सरच्या समायोजनाचं मूल्य भलतंच ठेवलेलं होतं. दुरुस्तीच्या टिपणात हीच शक्यता नोंदवली आहे. त्यामुळे चिप आधीच फार कमी आकडा देत होती. उलटं गणित केलं तर तो साधारण ८ अंश येतो. ड्रायव्हरनं नियमाप्रमाणे २७ वजा केले. ८ वजा २७, उत्तर उणे १९. हजारच्या हिशेबात उणे १९,०००. पण ज्या चलात हे उत्तर ठेवलं जात होतं त्याला उणे चिन्हच ठाऊक नव्हतं.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर आठवा. सगळी शून्यं असताना चाक उलटं फिरवलं तर काय दिसेल? उणे एक नाही दिसणार, सगळे नऊ दिसतील. बत्तीस बिटांच्या चलाचं तसंच होतं. त्याचा फेरा ४,२९,४९,६७,२९६ वर पूर्ण होतो. त्यातून १९,००० मागे या, ४,२९,४९,४८,२९६ मिळतात. हजारानं भागा. ४२,९४,९४८.३! गणित काट्यावर जुळतं. मला स्वतःला हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण वरवर वेडगळ दिसणाऱ्या आकड्याच्या पोटात त्याची पूर्ण जन्मकथा होती.

आता दुरुस्तीची दुरुस्ती. ती छोटी होती. आकडा वजा करायच्या रकमेपेक्षा मोठा असेल तरच वजाबाकी करा, नाही तर शून्य दाखवा. बेचाळीस लाख गेले, शून्य आलं.

हा निर्णय अविचारानं घेतला असं मला म्हणायचं नाही. समोर एक स्पष्ट बिघाड होता. तापमानावर लक्ष ठेवणारा एखादा प्रोग्रॅम बेचाळीस लाख बघून यंत्र बंद करू शकला असता, तो धोका टळला. घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकाची चिप शून्याखाली जात नाही, हेही खरंच. पण तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून माझा कान इथे टवकारतो. शून्य अंश हे तापमान आहे! त्या तापमानाला पाणी गोठतं. ‘मला माहीत नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. बेचाळीस लाख निदान ओरडून सांगत होते की इथे काहीतरी बिनसलंय. शून्य ते सांगत नाही. आलेखात निमूटपणे जाऊन बसतं, सरासरीत मिसळतं, आणि धोक्याच्या घंटेला वाटतं, सगळं थंडगार आहे.

शून्याखाली खरोखर जाणारी चिप

पुढे काय झालं ते ऐका. एएमडीच्या ३२५५ या औद्योगिक चिपची कामाची मर्यादा उणे ४० ते १०५ अंश सेल्सिअस आहे. अशा चिप टेबलाखाली नसतात. जिथे थंडी खरोखर शून्याखाली जाते अशा ठिकाणच्या यंत्रांसाठी त्या असतात. तिथे सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे सांगणार ‘उणे १५’, आणि कर्नल वापरकर्त्याला सांगणार ‘शून्य’. साखळीत खोटं बोलणारी कडी आता कोणती? सेन्सर नव्हे. दुरुस्ती!

२०२३ मध्ये के१०टेम्पमध्ये बदल झाला. चिप ३२५५ असेल तर एक खूण लावायची, आणि ती खूण असेल तर उणे आकडे जसेच्या तसे दाखवायचे. बाकीच्यांना त्या बदलानंतरही शून्याचा तळ तसाच राहिला.

‘शून्याखालचं तापमान अशक्य आहे’ हे विधान एका दिवाणखान्यात खरं होतं. ते विधान चिपबद्दल नव्हतंच, खोलीबद्दल होतं. आणि खोली कर्नलला दिसत नाही. आपल्या परिसरात जे कधी घडत नाही ते अशक्यच, असं धरून चालणं ही फार जुनी मानवी सवय आहे, आणि इथे ती प्रोग्रॅमच्या एका ओळीत जाऊन बसली होती.

शंख पिवळा दिसतो तेव्हा

मग कर्नलनं विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही? हा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतकं वादात राहिलाय. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते झालं की मानायचं, जोवर त्याला बाध येत नाही तोवर. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. त्या ज्ञानावर विसंबून कृती केली आणि ती सफल झाली, तर ते ज्ञान खरं.

रोजच्या कामात कर्नल मीमांसक असतो. त्याला पर्याय नाही. प्रत्येक आकडा सिद्ध होईपर्यंत थांबला तर चिप जळेल. आकडा आला की खरा धरायचा. पण कुमारिल भट्टांनी इथे एक नेमका भेद केलाय, तो आपल्या कामाचा आहे. ज्ञानाला बाध दोन रीतींनी येतो. एक, त्याच्या विरुद्ध जाणारं दुसरं ज्ञान होतं. दोरीला साप समजलो, जवळ गेलो, दोरी दिसली. दुसरी रीत म्हणजे ज्ञानाच्या साधनातला दोष कळतो. कावीळ झालेल्या माणसाला शंख पिवळा दिसतो, हे आपल्या परंपरेतलं नेहमीचं उदाहरण. शंख पांढरा असल्याचं त्याला दिसत नाही, दिसणारही नाही. पण आपल्याला कावीळ आहे हे त्याला कळलं, की पिवळेपणावरचा विश्वास तो काढून घेऊ शकतो.

कर्नलमधल्या सगळ्या दुरुस्त्या या दोन खणांत नीट बसतात.

दुसऱ्या खणातलं सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे एएमडीचा इरॅटम ३१९. चिप बाजारात गेल्यावर तिच्यातले सापडलेले दोष कंपनी जाहीर करते, त्या नोंदीला इरॅटम म्हणतात. फॅमिली १०एच या पिढीच्या सॉकेट एफ आणि सॉकेट एएम२+ वर बसणाऱ्या प्रोसेसरांमध्ये तापमानाचं मापन भरवशाचं नाही, अशी ही नोंद आहे. म्हणजे कावीळ झाल्याचा दाखलाच मिळाला! पण आकडा किती चुकतो, कोणत्या दिशेला चुकतो, हे गणितात बसवता येत नव्हतं. मग के१०टेम्पनं काय केलं? अशा चिपवर तो कामच नाकारतो. ‘सेन्सर भरवशाचा नाही’ असं नोंदवतो आणि बाजूला होतो. वापरकर्त्याला हवंच असेल तर ‘फोर्स’ असा पर्याय देऊन तो चालू करता येतो, पण मग जबाबदारी जाणून बुजून त्याची. मला ही नकाराची ओळ फार आवडते. आकडा दुरुस्त करता येत नाही तर आकडा देऊ नये, आणि का देत नाही ते सांगावं.

पहिल्या खणात, म्हणजे विरुद्ध ज्ञानानं येणाऱ्या बाधात, सुरेख अनुमानं सापडतात. मदरबोर्डचं फर्मवेअर एसीपीआय नावाच्या पद्धतीनं कर्नलला तापमान सांगतं, तेही केल्विनच्या दहाव्या भागात. सेल्सिअस आणि केल्विनमधलं अंतर २७३.१५. दशांशाचं एकच स्थान असल्यामुळे काही उत्पादक २७३.१ धरतात, काही २७३.२. कुणी काय धरलंय हे सांगत कुणीच नाही. कर्नल काय करतो? फर्मवेअरनं दिलेली क्रिटिकल मर्यादा बघतो. माणसं मर्यादा ठरवताना गोळाबेरीज आकडा घेतात, १०० किंवा १०५, फार तर अर्ध्या अंशाचा. मग ३७३१ दिसले तर उत्पादकानं २७३.१ धरलेत, ३७३२ दिसले तर २७३.२. शेवटच्या अंकावरून माणसाची सवय ओळखायची! धूर बघून अग्नी ओळखावा तसं.

याच भागात आणखी एक खबरदारी आहे. काही फर्मवेअर क्रिटिकल मर्यादाच गोठणबिंदूच्या खाली सांगत होती. म्हणजे यंत्र सुरू झालं की ते ‘मर्यादेपेक्षा गरम’, लगेच बंद. मग कर्नलनं ठरवलं, अशी मर्यादा अवैध मानायची आणि तो फर्मवेअरचा दोष म्हणून नोंदवायचा. कुणी म्हणेल, आत्ताच तर शून्याखालच्या आकड्याला वाळीत टाकू नका म्हणालात! फरक आहे. तिथे वाचन होतं, इथे मर्यादा आहे. चिप शून्याखाली असू शकते. पण शून्याच्या वर गेल्याबरोबर जिला बंद करावं लागतं अशी चिप कुणी घेऊन काय करील? आणि दुसरा फरक असा, की इथे अवैध मर्यादेच्या जागी कर्नल आपल्या मनानं दुसरी घालत नाही. ती बाद करतो, आणि बाद केल्याचं सांगतो.

दुरुस्ती कुठे राहते

एक मुद्दा राहिला, आणि व्यवहारात तोच जास्त त्रास देतो. दुरुस्ती कुणी करायची?

लिनक्समध्ये साधारण संकेत असा की चिपबद्दलचं ज्ञान ड्रायव्हरकडे आणि विशिष्ट मदरबोर्डबद्दलचं ज्ञान वापरकर्त्याच्या बाजूच्या फाइलमध्ये. सेन्सर दाखवणारी जी साधनं आहेत त्यांच्या फाइलमध्ये तुम्ही लिहू शकता की हा आकडा २० नं कमी करून दाखव, किंवा याला दुसरं नाव दे, किंवा हा सेन्सर जोडलेलाच नाही, तो दाखवू नकोस.

समजा, १७००एक्सच्या एका वापरकर्त्यानं या फाइलमध्ये ‘२० वजा कर’ असं लिहून ठेवलं. मग त्याचं कर्नल नवीन झालं, आणि त्यातही ‘२० वजा कर’ आलं. आता दोघंही वजा करतायत. चिप ७० अंशांवर, पडद्यावर ५०. दोन्ही दुरुस्त्या आपापल्या जागी योग्य, आणि दोघी मिळून चूक. चुकीचा आकडा शंका तरी निर्माण करतो. दुरुस्त केलेल्या आकड्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, म्हणून ही चूक जास्त वाईट.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय के१०टेम्पमध्येच पुढे आला. तो दोन्ही आकडे वेगवेगळ्या नावांनी दाखवायला लागला. टीसीटीएल म्हणजे चिपनं सांगितलेलं नियंत्रणमूल्य आणि टीडाय म्हणजे दुरुस्ती करून मिळालेलं तापमान. मूळ साक्ष पुसली नाही, तिच्याशेजारी तिचा अर्थ लिहिला. हस्तलिखितांचं संपादन करणारे हेच करतात. मूळ पाठ तसाच ठेवायचा आणि सुचवलेला पाठ तळटीपेत द्यायचा.

मग या सगळ्यातून सदोष वाचनाशी वागायची रीत कोणती निघते? दोषाचं कारण आणि त्याचं माप दोन्ही कळलं असेल तर दुरुस्त करा, आणि दुरुस्त केलंय हे सांगा. कारण कळलंय पण माप कळत नाही, तर आकडा देऊ नका. त्यासाठी सोय आहे. फाइल वाचायला गेलं तर आकड्याऐवजी त्रुटीचा संकेत परत करता येतो. ‘फॉल्ट’ नावाची वेगळी फाइलही ठेवता येते, तिच्यात १ आलं की या सेन्सरवर विसंबू नये असा अर्थ. आणि कारणच माहीत नसेल, नुसता आकडा विचित्र दिसतोय म्हणून तो शहाणा दिसेल असा करायचा असेल, तर थांबा. तिथे तुम्ही फक्त तक्रार बंद करताय.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, चूक करायचीच असेल तर तापमान जास्त दाखवणं सुरक्षित नाही का? उगाच पंखा फिरेल, एवढंच.

उत्तर : एवढंच नाही. जास्त दाखवलं तर चिपचा वेग कमी होतो, यंत्र अवेळी बंद होऊ शकतं, हे आपण पाहिलं. पण त्याहून मोठं नुकसान असं, की माणसं त्या आकड्याला सरावतात. ‘हा नेहमीच २० जास्त सांगतो’ म्हणून मनातल्या मनात वजा करायला लागतात. मग खरोखर तापलं तरी वजाच करतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रश्न : एका चिपमध्ये अनेक सेन्सर असतात. मग सरासरी काढली की चुकीचा आकडा आपोआप दबणार नाही का?

उत्तर : दबेल, आणि तीच भीती आहे. चिप जळते ती तिच्या सर्वांत गरम ठिकाणी, सरासरी ठिकाणी नव्हे. पाच खोल्यांपैकी एकीला आग लागली तर घराचं सरासरी तापमान काढून उपयोग काय? आणि एक सेन्सर खोटा शून्य देत असेल तर तो सरासरी खाली ओढणार. सदोष साक्षीदाराला आधी बाजूला करा, मग बाकीच्यांत जो सर्वांत जास्त सांगतोय त्याचं ऐका.

प्रश्न : माझ्या संगणकावर तापमान विचित्र दिसतं. मी सामान्य वापरकर्ती आहे. मी काय बघू?

उत्तर : तुम्ही कुमारिलांचेच दोन प्रश्न विचारा. विरुद्ध ज्ञान आहे का? संगणक रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी चालू केल्याबरोबर आकडा बघा. साध्या पंख्याच्या संगणकाची चिप खोलीपेक्षा थंड असू शकत नाही. खोलीत २८ अंश आणि चिप ८ सांगत असेल, तर कुठलीतरी कडी खोटी आहे. पण इंटेलच्या सेन्सरबद्दल सांभाळून. तो मर्यादेजवळ चांगला असतो, मर्यादेपासून जितका लांब तितका ढिला. थंड असताना चारपाच अंश इकडेतिकडे झाले तर घाबरू नका. मग दुसरा प्रश्न, साधनात दोष असल्याची नोंद आहे का? आकड्याशेजारचं नाव वाचा, टीसीटीएल आहे की टीडाय. त्या ड्रायव्हरचं माहितीपत्रक वाचा, कर्नलची नोंदवही बघा. आणि कारण कळेपर्यंत फाइलमध्ये वजाबाकी लिहून आकडा गोड करून घेऊ नका. तुम्ही हे नीट लिहून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवलंत, चिपचं पूर्ण नाव आणि दिसलेला आकडा जसाच्या तसा दिलात, तर त्यांचं अर्धं काम होतं. ते बेचाळीस लाख कुणीतरी असेच कळवले होते, म्हणून तर सापडले.

वेळ संपलीय. थांबतो.